जोडाचा कायदा : 'मॅजिक' या पत्त्यांच्या खेळातील जोडरचनेचे नियम आणि पंचांचे दंडविधान (१९९३–२०२३)

पत्त्यांच्या बहुतेक खेळांत जोड हा खेळाचा असतो, खेळणाऱ्याचा नसतो. ब्रिजच्या मेजावर किंवा रमीच्या बैठकीत जी ५२ पाने पिसली जातात ती सर्वांची समाईक असतात. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाची १२० पानेही एकाच डब्यातून निघतात आणि सर्व गड्यांच्या हाती वाटली जातात. कोणाच्या वाट्याला काय यावे हा दैवाचा भाग, आलेल्या पानांचे काय करावे हा बुद्धीचा. अशा खेळात कायद्याला जोडाविषयी फारसे बोलावे लागत नाही. जोड पुरा आहे ना, पाने खुणेची नाहीत ना, एवढे पाहिले की काम संपते. १९९३ साली अमेरिकेत निघालेल्या 'मॅजिक: द गॅदरिंग' या खेळाने ही व्यवस्था मुळातच बदलली. तेथे प्रत्येक गडी आपला जोड घरून रचून आणतो, प्रतिस्पर्ध्याचा जोड निराळा असतो, आणि त्यात कोणती पाने आहेत हे त्याने खेळल्यावाचून कळत नाही. यामुळे जोड कसा असावा, तो कोणी तपासावा आणि त्यात दोष आढळल्यास काय शासन करावे, हे प्रश्न पत्त्यांच्या इतिहासात प्रथमच इतक्या तीव्रतेने उपस्थित झाले. त्यांची जी उत्तरे तीस वर्षांत दिली गेली, त्यांतून एका लहानशा पण पूर्ण कायदेपद्धतीची वाढ पाहावयास मिळते.

खेळाचे जनक रिचर्ड गारफील्ड हे गणिती होते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांनी संचयशास्त्रात संशोधन केले होते. सिएटलजवळच्या 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या लहान संस्थेने त्यांचा खेळ ऑगस्ट १९९३ मध्ये विक्रीस आणला. खेळाची मांडणी अशी की, प्रत्येक गडी हा एक जादूगार; त्याच्या जोडातील काही पाने 'भूमी' असतात व त्या भूमीतून 'मॅना' नावाची शक्ती मिळते. ती शक्ती खर्चून बाकीची पाने, म्हणजे प्राणी, मंत्र, यंत्रे इत्यादी, खेळता येतात. प्रतिपक्षाचे २० प्राणांक शून्यावर आणले की डाव जिंकला. पहिल्या आवृत्तीत २९५ निरनिराळी पाने होती आणि ती बंद पाकिटांतून विकली जात. पाकिटात काय निघेल हे विकत घेणाऱ्याला आधी कळत नसे. काही पाने सर्रास निघत, काही क्वचित, आणि काही अत्यंत दुर्मिळ असत. 'अल्फा' या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या या आवृत्तीची एकूण सुमारे २६ लाख पाने छापली गेली. तीत प्रत्येक दुर्मिळ पानाच्या प्रती सुमारे ११०० एवढ्याच होत्या.

या आवृत्तीबरोबर दिलेल्या नियमपुस्तिकेत जोडाविषयीचे बंधन एकच होते: जोड किमान ४० पानांचा असावा. एका पानाच्या किती प्रती घ्याव्यात यावर मर्यादा नव्हती. ही अनवधानाने राहिलेली त्रुटी नव्हे. खेळणारे थोडी पाकिटे घेतील, आपापसांत अदलाबदल करतील, एखाद्या गावात एखादे प्रबळ पान एखाद्याच्याच हाती असेल आणि त्यामुळे त्या मंडळींच्या खेळाला रंग चढेल, अशी निर्मात्यांची कल्पना होती. म्हणजे पानाचे बळ आणि त्याची दुर्मिळता यांचे प्रमाण ठेवले की समतोल आपोआप राखला जाईल, आणि नियमाने करावयाचे काम छापखाना आणि खिसा मिळून करतील, असा हा हिशेब होता. त्याला दुसरा आधार होता तो पणाचा. मूळ नियमांप्रमाणे डावाच्या आरंभी प्रत्येकाच्या जोडातील एक पान न पाहता बाजूला काढले जाई आणि जिंकणाऱ्याला ते कायमचे मिळे. प्रबळ पान जवळ बाळगणाऱ्यास ते गमावण्याचीही भीती राहावी आणि पाने हातोहात फिरत राहावीत, हा त्यामागचा हेतू होता.

हा हिशेब काही महिन्यांतच चुकला. पहिली छपाई हातोहात खपली. त्याच वर्षात दोन वेळा पुन्हा छपाई करावी लागली. आणि लोकांनी पाकिटे एकदोन नव्हे तर खोकीच्या खोकी घेतली. ज्याच्यापाशी पैसा किंवा चिकाटी होती त्याच्या हाती एकाच पानाच्या अनेक प्रती जमल्या. मग 'प्लेग रॅट्स' या साध्या, सहज मिळणाऱ्या पानाचा अर्थच बदलला. मेजावर जितके 'प्लेग रॅट्स' असतील तितके त्यांतील प्रत्येकाचे बळ, असा त्या पानाचा गुण. दोनतीन उंदीर असताना तो गमतीचा होता. वीस उंदरांच्या जोडात तो दुसऱ्याला खेळूच देईना. 'ब्लॅक लोटस' या दुर्मिळ पानाची गोष्ट याहून गंभीर होती. काहीही न खर्चता ते एकदम तीन मॅना देई, म्हणजे ज्या शक्तीसाठी इतरांना तीन पाळ्या थांबावे लागे ती पहिल्याच पाळीत हाती येई. असे एक पान जोडात असणे हे भाग्य, चार असणे हे वर्चस्व, आणि दहा असतील तर समोरच्याने पाने उचलण्याचेही कारण उरू नये. दुर्मिळतेने पानाची किंमत वाढली, पण त्याचा वापर आटोक्यात राहिला नाही. श्रीमंत गड्याच्या बाबतीत तर ती मर्यादा न ठरता मक्ताच ठरली.

१९९४ साली 'ड्युएलिस्ट्स कॉन्व्होकेशन' या नावाने स्पर्धांची संघटना उभी राहिली आणि तिने स्पर्धांपुरता पहिला कायदा केला. पुढे ही संघटना 'डी.सी.आय.' या आद्याक्षरांनी ओळखली जाऊ लागली. जोड किमान ६० पानांचा असावा, डावांच्या मध्यंतरी अदलाबदलीसाठी १५ राखीव पाने ठेवता यावीत, आणि पाच मूळ भूमी सोडून कोणत्याही पानाच्या चारांहून अधिक प्रती नसाव्यात, हे त्या कायद्याचे मुख्य अंग होते. या चार संख्येमागे काही गणिती सिद्धान्त शोधू जाणे व्यर्थ आहे. साठ पानांत चार प्रती असल्या की ते पान डावात बहुधा भेटते, पण भेटेलच असे नाही. एवढ्या व्यावहारिक मध्यममार्गावर ती टिकून राहिली. पुढे निघालेल्या तत्सम खेळांनीही असाच एखादा आकडा स्वीकारला. 'पोकेमॉन'च्या जोडात बरोबर ६० पाने आणि एका नावाच्या चार प्रती, 'यु-गी-ओ!'मध्ये ४० ते ६० पाने आणि तीन प्रती. प्रमाण थोडे निराळे, पण प्रतींवर मर्यादा हवी हे तत्त्व मात्र सर्वत्र एकच राहिले.

चारच्या मर्यादेने भागत नव्हते अशा पानांसाठी 'मर्यादित' आणि 'निषिद्ध' अशा दोन याद्या करण्यात आल्या. मर्यादित पानाची एकच प्रत चाले; निषिद्ध पान मुळीच चालत नसे. 'ब्लॅक लोटस', 'टाइम वॉक', 'अँसेस्ट्रल रिकॉल', पाच 'मॉक्स' आणि 'सोल रिंग' ही पाने पहिल्याच यादीत मर्यादित झाली. या पहिल्या यादीतील सर्वच नावे बळामुळे आलेली नव्हती, हे मात्र विशेष होय. 'ऑर्किश ओरिफ्लॅम' हे बेताचे पान तीत आहे. पहिल्या आवृत्तीत छापखान्याच्या चुकीने त्याची किंमत चार मॅनाऐवजी दोन पडली होती. चुकीचे व बरोबर असे दोन्ही छाप बाजारात फिरत होते, आणि तो गोंधळ यादीने आवरावा लागला. कायद्याचा आधार पानावरील छापील मजकूर की संस्थेने ठरविलेला मजकूर, हा प्रश्न येथे बीजरूपाने दिसतो. त्याचा निकाल पुढे दुसऱ्या बाजूने लागला. पानावर काहीही छापलेले असो, संस्थेने प्रसिद्ध केलेला शेवटचा अधिकृत मजकूरच प्रमाण मानावा, असे ठरले. धर्मशास्त्राच्या अभ्यासकास मूळ संहिता आणि टीका यांच्या संबंधाची येथे आठवण व्हावी. फरक इतकाच की येथे टीकाकार व संहिताकार एकच आहेत.

निषिद्ध यादीचा आरंभ पणाच्या पानांनी झाला. डावावर लावलेल्या पानांची उलथापालथ करणारी काही पाने मूळ आवृत्तीतच होती. ज्या सभागृहात अनोळखी माणसे एकत्र येतात आणि मुलेही खेळतात, तेथे मालकी बदलणारा खेळ जुगाराच्या कायद्यास बळी पडण्याचा संभव होता, शिवाय लोकांना तो नकोच होता. घरी खेळतानाही फार थोडे गडी पण लावीत. १९९५ च्या 'होमलँड्स' संचात पणाचे शेवटचे पान निघाले आणि हा प्रकार मागे पडला. ज्या खेळाच्या मूळ नियमांत पण लावणे हे डावाचे पहिले पाऊल होते, त्याच खेळाच्या दंडसंहितेत आज सामन्याच्या निकालावर पैज लावणे हा गंभीर अपराध गणला जातो. 'केऑस ऑर्ब' हे पान बाद झाले ते अगदी निराळ्या कारणाने. ते मेजावर उंचावरून टाकावयाचे आणि ज्या पानांना ते स्पर्श करील ती नष्ट व्हावयाची. यामुळे गडी आपली पाने हातभर अंतरावर पसरू लागले, आणि स्पर्श झाला की नाही हे पाहण्यास पंचाला मेजावर ओणवे व्हावे लागले. १९९५ साली ते निषिद्ध झाले. एका गड्याने हे पान फाडून त्याचे तुकडे प्रतिपक्षाच्या पानांवर उधळले अशी आख्यायिका खेळणाऱ्यांत प्रचलित आहे. ती खरी असो वा नसो, १९९८ च्या 'अनग्लूड' या विनोदी संचात पान फाडून तुकडे उधळावयास सांगणारे 'केऑस कन्फेटी' हे पान संस्थेनेच छापले.

ऑगस्ट १९९४ मध्ये मिल्वॉकी येथे पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. तीत अमेरिकेच्या झॅक डोलन यांनी फ्रान्सच्या बर्ट्रांड लेस्त्रे यांचा अंतिम सामन्यात पराभव केला. तोवर नवे गडी आणि जुने गडी यांतील दरी स्पष्ट झाली होती: १९९३ ची पाने पुन्हा मिळत नव्हती आणि त्यांच्यावाचून जिंकणे कठीण होते. यावर जानेवारी १९९५ मध्ये योजलेला उपाय दूरगामी ठरला. केवळ अलीकडील संचांतील पानेच चालतील असा स्पर्धेचा दुसरा प्रकार सुरू करण्यात आला. पुढे त्यालाच 'स्टँडर्ड' असे नाव पडले. या नियमाने नवागताला न्याय मिळाला हे खरे, परंतु त्याच नियमाने प्रत्येक गड्याला दरवर्षी नवी पाने विकत घेणे भाग पडले हेही तितकेच खरे आहे. नियम करणारी आणि पाने विकणारी संस्था एकच असल्यामुळे समतेचा नियम कोठे संपतो आणि विक्रीचा कोठे सुरू होतो, हे या इतिहासात नेहमीच स्पष्ट दिसत नाही.

फेब्रुवारी १९९६ मध्ये न्यूयॉर्क येथे झालेल्या पहिल्या 'प्रो टूर' स्पर्धेत तर हे मिश्रण उघडच झाले. तेथे प्रत्येक जोडात चालू असलेल्या प्रत्येक संचातील किमान पाच पाने असावीत असे बंधन होते. 'होमलँड्स' हा संच खेळणाऱ्यांनी जवळजवळ टाकूनच दिला होता. त्यातील पाच पाने घेणे ही सक्ती जोडाच्या समतोलासाठी होती असे कोणास पटणार नाही. स्पर्धा मायकेल लोकाँटो यांनी जिंकली. तो नियम मात्र पुढील स्पर्धांत टिकला नाही.

याउलट निषेधाच्या याद्यांनी संस्थेला अनेकदा स्वतःच्याच मालाविरुद्ध निर्णय द्यावयास लावले. १९९८–९९ च्या हिवाळ्यात नव्या संचांतील पानांची अशी साखळी जुळली की डाव दोनतीन पाळ्यांतच संपू लागले. फेब्रुवारी १९९९ मध्ये निघालेले 'मेमरी जार' हे पान नेहमीच्या वेळापत्रकाची वाट न पाहता तातडीच्या निर्णयाने बाद करण्यात आले आणि एप्रिलपासून तो निर्णय लागू झाला. २०११ च्या प्रकरणात याहून मौजेचा पेच पडला. त्या वर्षाच्या जुलैपासून 'स्टोनफोर्ज मिस्टिक' हे पान 'स्टँडर्ड' स्पर्धांत निषिद्ध झाले. परंतु त्या सुमारास संस्थेने विक्रीस आणलेल्या 'वॉर ऑफ अॅट्रिशन' या तयार जोडात त्याच पानाच्या दोन प्रती होत्या. दुकानातून जोड आणून त्याच संध्याकाळी स्पर्धेस बसलेल्या नवख्या गड्याला बाद करणे हे कोणालाच रुचणारे नव्हते. म्हणून असे ठरले की, तो तयार जोड जसाच्या तसा, एकही पान न बदलता, खेळणाऱ्यास ते पान वापरण्याची मुभा राहील. एकच पान एका जोडात अपराध आणि दुसऱ्या जोडात निर्दोष, असा हा अपवाद होता. कायद्याच्या तर्कास तो विसंगत वाटेल. पण ज्याने नियम मोडण्याचे मनातही आणले नाही त्याला नियमाचा फटका बसू नये, हा त्यामागचा विचार योग्यच होता. पुढे पंचांच्या दंडविधानात हाच विचार अधिक व्यापक रूपात आलेला दिसतो.

त्या दंडविधानाकडे वळण्यापूर्वी जोडाच्या भौतिक अंगाचा विचार आवश्यक आहे. जोड गड्याच्या मालकीचा असल्यामुळे त्याच्या पाठीवरील झीज, ओरखडा, दुमडलेला कोपरा यांची त्याला ओळख असते. या बाबतीतला पहिला पेच खुद्द छापखान्याने निर्माण केला. 'अल्फा' आवृत्तीच्या पानांचे कोपरे नंतरच्या सर्व आवृत्त्यांपेक्षा अधिक गोल कापले गेले होते. मिश्र जोडात असे पान गठ्ठ्याच्या वर आले की पाठीवरूनही ओळखता येई. यास्तव अशी पाने अपारदर्शक आवरणांत घालूनच इतर पानांत मिसळता येतील असे ठरले. २०११ च्या 'इनिस्ट्राड' संचात दोन्ही अंगांवर चित्र असलेली पाने संस्थेने हेतुपुरस्सर काढली, तेव्हाही याच अपारदर्शक आवरणांचा आश्रय घ्यावा लागला. किंवा त्या पानाच्या जागी नेहमीच्या पाठीचे एक नोंदपत्र जोडात ठेवावे लागले. परंतु आवरणेही झिजतात. सामान्यतः खुणेच्या पानांबद्दल पंच ताकीद देतो आणि आवरणे बदलावयास लावतो. पण झिजलेल्या आवरणांत नेमक्या चार भूमी किंवा जोडातील नेमके कळीचे पान आढळले, तर प्रश्न बदलतो. योगायोगाला रचना नसते. रचना दिसली की शासन वाढते.

पिसण्याचेही तसेच आहे. ५२ पानांचा जोड नीट मिसळण्यास सुमारे सात वेळा पिसावे लागते, हे बेयर आणि डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये, म्हणजे 'मॅजिक' निघण्यापूर्वी एकच वर्ष, सिद्ध केले होते. खेळणाऱ्यांना मात्र पाने मेजावर सहासात ढिगांत मांडून पुन्हा गोळा करण्याची सवय होती. त्याने पाने फिरतात, मिसळत नाहीत. ज्याला मूळ क्रम माहीत आहे त्याला नंतरचा क्रमही काढता येतो. म्हणून अशी मांडणी आता डावाच्या आरंभी पाने मोजण्यापुरती एकदाच करता येते. भूमी आणि इतर पाने आलटून पालटून लावून वरवर पिसणे हा तर फसवणुकीचाच प्रकार मानला जातो. यावर गडी नेहमी एक प्रश्न विचारतात: नंतर नीट पिसले तर आधी लावण्यात दोष काय? उत्तर सरळ आहे. नंतर नीट पिसले असेल तर आधी लावणे निरर्थक. आणि ते निरर्थक नसेल तर नीट पिसलेले नाही. मोठ्या स्पर्धांत आपला जोड पिसून झाल्यावर तो प्रतिपक्षापुढे ठेवणे आणि प्रतिपक्षाने तो पुन्हा पिसणे बंधनकारक आहे.

स्पर्धेपूर्वी प्रत्येक गड्याने आपल्या जोडाची लेखी यादी पंचांकडे द्यावयाची आणि शेवटपर्यंत तोच जोड खेळावयाचा, ही पद्धत या सर्व व्यवस्थेचा कणा होय. यादी दिली की गड्याने स्वतःलाच बांधून घेतले. फेरीच्या आरंभी पिसून मेजावर ठेवलेले दोघांचेही जोड पंच अकस्मात उचलून नेतात. प्रथम पाने ज्या क्रमाने आहेत त्या क्रमाने पाहतात, मग आवरणे, मग यादीशी ताळा. गेलेला वेळ अधिक तीन मिनिटे एवढी मुदत त्या सामन्याला वाढवून मिळते. स्पर्धेत किमान दहावा हिस्सा जोड असे तपासावेत अशी शिफारस आहे.

आता प्रश्न असा की, यादीत ६० आणि जोडात ५९ पाने निघाली तर काय? पंचांच्या हाती चढत्या क्रमाने शासने होती व आहेत: ताकीद, डाव गमावणे, सामना गमावणे आणि स्पर्धेतून हकालपट्टी. जुन्या काळी ताकिदीच्याही खाली तोंडी समजेची एक पायरी होती. दीर्घकाळपर्यंत जोडाच्या दोषाला मोठ्या स्पर्धेत एकच उत्तर होते, ते म्हणजे डाव गमावणे. हेतू विचारावयाचा नाही. मागील सामन्यात घेतलेली राखीव पाने परत काढावयाची राहिली, एक पान पेटीत चिकटून राहिले, यादी लिहिताना चारऐवजी तीन लिहिले गेले, तरी डाव गेला. या कठोरतेचे समर्थन होते आणि ते पोकळ नव्हते. चुकीने राहिलेले पान आणि मुद्दाम ठेवलेले पान मेजावर सारखेच दिसते. पंच मनात डोकावू शकत नाही, पाने मात्र मोजू शकतो. क्षमेची सवय लागली तर चुकीच्या पांघरुणाखाली लबाडी वाढेल. शिवाय ठिकठिकाणच्या, बहुधा हौशी, पंचांनी एकाच दोषाला एकच शासन द्यावे हा एकरूपतेचा आग्रहही त्यामागे होता, आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांचे जाळे उभे करणाऱ्या संस्थेला तो अपरिहार्य होता.

परंतु या पद्धतीत एक अंगभूत विषमता होती. तिचा फटका बसे तो प्रायः नवख्याला. सराईत लबाडाची यादी कधी चुकत नसे. त्याचा जोड नेहमी बरोबर ६० पानांचा असे. त्याची लबाडी पिसण्यात आणि पाने उचलण्यात असे. शंभर मैल प्रवास करून पहिल्याच मोठ्या स्पर्धेस आलेला आणि घाईत एक भूमी लिहावयास विसरलेला गडी मात्र एक पान खेळण्यापूर्वीच डाव गमावून बसे. जो कायदा निष्काळजीपणाला इतके कठोर शासन करतो आणि कपटाच्या शोधास फारसे साहाय्य करीत नाही, तो शिस्त लावीत असेल, पण न्याय करतो असे म्हणता येत नाही.

पुढील सुधारणांची दिशा यातूनच ठरली. दंडपुस्तिकेच्या जागी आलेल्या 'अपराध-कार्यपद्धती मार्गदर्शिके'त नुसत्या शासनाबरोबर दुरुस्तीचाही विचार विस्ताराने झाला; काय दंड द्यावा याइतकेच मोडलेला डाव कसा सांधावा यालाही महत्त्व आले. फसवणुकीची व्याख्या निश्चित करण्यात आली. आपण नियम मोडीत आहोत याची जाणीव आणि त्यातून लाभ मिळविण्याचा हेतू, या दोन्ही गोष्टी असतील तरच ती फसवणूक, आणि तिला हकालपट्टीशिवाय दुसरे शासन नाही. एकदा हा अपराध असा वेगळा काढल्यावर बाकीच्या चुकांना चुका म्हणून वागविणे शक्य झाले. २०१३ च्या जुलैत राखीव पानांचा नियम सैल झाला. बरोबर १५ ऐवजी १५ पर्यंत कितीही राखीव पाने चालू लागली आणि एकास एक अशा अदलाबदलीचे बंधन गेले. दुसऱ्या डावात ६१ पाने असणे हा त्यामुळे अपराधच राहिला नाही. दंड सौम्य करण्यापेक्षा अनावश्यक नियम काढून टाकणे हा नेहमीच अधिक चांगला उपाय असतो.

त्याच दशकाच्या मध्यावर जादा पान उचलण्याविषयीचा नियम बदलला. पूर्वी एक पान अधिक उचलले गेले की डाव जात असे. नव्या पद्धतीत चुकणाऱ्याने आपला हात प्रतिपक्षास दाखवावयाचा आणि त्यातील कोणते पान परत जोडात जावे हे प्रतिपक्षाने ठरवावयाचे. ज्याचे नुकसान होण्याचा संभव होता त्याच्याच हाती दुरुस्ती दिल्यामुळे लाभाची आशाच संपते, आणि मग हेतू शोधीत बसण्याचे कारण पंचाला उरत नाही. पुढे जोडातील दोषही वेळीच लक्षात आल्यास ताकीद देऊन आणि जोड दुरुस्त करून मिटविण्याची वाट मोकळी झाली. यादीतील दोषाबाबत मात्र कठोरता कायम राहिली. हा भेद विचारपूर्वक केलेला आहे. यादी हा गड्याचा स्वतःचा लेखी शब्द. ती बदलू दिली तर तपासणीस प्रमाण काय धरावयाचे? गावातील दुकानात भरणाऱ्या साध्या स्पर्धांसाठी तर याहूनही सौम्य, मुख्यतः समजावून सांगण्यावर भर देणारी निराळी पद्धत ठरविण्यात आली.

चारच्या मर्यादेचे पुढे काय झाले तेही पाहिले पाहिजे. २००४ साली 'रिलेंटलेस रॅट्स' हे पान निघाले. त्याच्या मजकुरातच असे लिहिले होते की या नावाची कितीही पाने जोडात असू शकतात. १९९३ च्या उंदरांना १९९४ च्या नियमाने निकामी केले होते. दहा वर्षांनी तेच उंदीर अपवादाच्या रूपाने परत आले, पण या वेळी त्यांचे बळ आणि किंमत हे दोन्ही आधी मोजूनमापून ठरविलेले होते. २०१९ च्या 'सेव्हन ड्वार्व्ह्ज' पानास सात प्रतींची आणि २०२३ च्या 'नाझगूल' पानास नऊ प्रतींची मुभा कथानुरोधाने मिळाली. वरची मर्यादा मात्र जोडाला कधीच नव्हती. २००१ मध्ये निघालेले 'बॅटल ऑफ विट्स' हे पान, गठ्ठ्यात २०० पाने शिल्लक असल्यास डाव जिंकून देई. त्यासाठी काही गडी अडीचशे पानांचे जोड घेऊन येत. नियमाची अट एवढीच की, एवढा जोड गड्याने दुसऱ्याच्या मदतीवाचून ठराविक वेळात पिसला पाहिजे.

मर्यादित यादीची खरी परीक्षा २०२० साली झाली. सर्वांत जुन्या पानांच्या 'व्हिंटेज' स्पर्धांत केवळ बळाच्या कारणाने कोणतेही पान निषिद्ध करावयाचे नाही, एका प्रतीपर्यंत मर्यादित करावयाचे, हा तेथला प्रघात झाला होता. त्या वर्षी आलेले 'लुरस ऑफ द ड्रीम-डेन' हे 'सोबती' जातीचे पान जोडाच्या बाहेर राहून प्रत्येक डावात हमखास उपलब्ध होई. त्याची मुळात एकच प्रत लागत असल्यामुळे 'एकच प्रत' हा उपाय त्यावर चालेना. मे २०२० मध्ये ते सरळ निषिद्ध करावे लागले. १९९४ पासून एका प्रतीची मर्यादा यशस्वी ठरली होती ती पान डावात भेटण्याची शक्यता कमी होते म्हणून. जेथे शक्यतेचा प्रश्नच नाही तेथे संख्या बोथट ठरते. पुढच्याच महिन्यात 'सोबती' पानांचा मूळ नियमच बदलून ती हाती घेण्यास तीन मॅनांचा खर्च लावण्यात आला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये 'लुरस'वरील निषेध उठला.

याच वेळी साथीच्या रोगामुळे स्पर्धांची सभागृहे ओस पडली आणि मोठ्या स्पर्धा संगणकावर, मुख्यतः 'मॅजिक अरीना' या माध्यमावर, होऊ लागल्या. तेथे नियमबाह्य जोड स्पर्धेत दाखलच करता येत नाही, पाने यंत्र पिसते, पाठीवर ओरखडा पडत नाही आणि जादा पान कोणालाही उचलता येत नाही. वर वर्णिलेल्या दंडविधानाचा मोठा भाग तेथे निरुपयोगी ठरतो. उरतात ते दुसऱ्याच्या साहाय्याने खेळणे आणि ठरवून हरणे यांसारखे, यंत्राला न दिसणारे अपराध. फेब्रुवारी २०२३ मध्ये फिलाडेल्फिया येथे 'प्रो टूर' पुन्हा कागदी पानांवर खेळली गेली. तीत गड्यांनी पुन्हा आपापले जोड पिसून एकमेकांपुढे ठेवले, आणि ते तपासण्यासाठी पंचांना पुन्हा मेजामेजांमधून फिरावे लागले.